पुशबॅकची तयारी: बायपास पिन दाखवल्याशिवाय विमान सोडू नये

इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर ग्राउंड हँडलिंगच्या कामाला नव्याने लागलेल्या आपल्या मराठी मुलामुलींसाठी पुशबॅकची, म्हणजे टगने (ओढगाडीने) विमान मागे ढकलण्याच्या कामाची, ही तयारी लिहीत आहे. जॅकेट, बूट, कानांचे संरक्षण यांविषयी सांगायला नको. स्टँडवर (विमान उभे करण्याच्या जागेवर) पडलेला खिळा, पत्रा, प्लास्टिकची पट्टी उचलावी. इंजिन ते आत ओढते.

सर्वांत आधी बायपास पिन. तिच्याविषयी पुन्हापुन्हा लिहिणार आहे. ही पिन बसली की पुढच्या चाकाचे स्टिअरिंग वैमानिकाच्या ताब्यातून सुटते आणि चाक टगच्या ओढीप्रमाणे मोकळे वळते. ती नसताना हायड्रॉलिक दाब आला, तर चाक स्वतःहून वळू शकते, टो-बार (टग आणि विमान जोडणारा दांडा) झटक्याने आडवा फिरतो आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे पाय त्याच्या तडाख्यात सापडतात. म्हणून टो-बार जोडण्यापूर्वी पिन बसली आहे आणि तिची लाल फीत बाहेर लोंबते आहे, हे वाकून पाहावे. सहकाऱ्याने बसवली असली तरी आपण पाहावेच.

टो-बार त्या विमानाचाच हवा. एअरबसचा एटीआरला (पंख्यांच्या छोट्या विमानाला) चालत नाही. त्यातली शिअर पिन ताण वाढला की तुटण्यासाठीच असते, म्हणजे चाकाचा सांगाडा वाचतो. तिच्या जागी हाताशी आलेला बोल्ट कदापि घालू नये.

शार्कलेट (पंखाचे वर वळलेले टोक) असलेल्या एअरबस ए320 चा पंखपसारा 35.8 मीटर आहे, आणि मागे झुकलेल्या पंखाचे टोक वळताना आपल्या अंदाजापेक्षा बाहेर जाते. टग चालवणाऱ्याला ते टोक नीट दिसत नाही, त्याचे डोळे म्हणजे विंग वॉकर, पंखाच्या टोकाजवळ चालत नजर ठेवणारा माणूस. विंग वॉकर दिसेनासा झाला की टग थांबवावा. विमानाला कितीही उशीर झालेला असो. पावसाळ्यात ओल्या एप्रनवर (विमाने उभी राहतात त्या फरसबंद आवारात), विशेषतः रंगवलेल्या रेषांवर, टगची चाके घसरतात, तेव्हा वेग आधीच कमी ठेवावा. चाक किती वळवायचे याची मर्यादा लाल खुणांनी दाखवलेली असते, ती ओलांडू नये.

पुशबॅक संपला, वैमानिकाने पार्किंग ब्रेक लावल्याचे हेडसेटवर सांगितले, टो-बार सुटला. आता पिन काढावी. काढून खिशात घालू नये. हेडसेट सोडून, वैमानिकाला दिसेल अशा सुरक्षित जागी उभे राहून, फितीसकट पिन उंच धरून दाखवावी आणि त्याने हात किंवा दिवा दाखवून ओळख देईपर्यंत तिथून हलू नये. पिन आत राहिली तर वैमानिकाला टॅक्सी करताना पुढचे चाक वळवता येत नाही. ए320 मध्ये स्टिअरिंग सुटल्याचा संदेश पडद्यावर येतो, पण त्याच्या भरवशावर राहू नये. कारण तोवर इंजिने सुरू असतात आणि विसरलेली पिन काढायला कोणालातरी पुन्हा त्यांच्या जवळ जावे लागते. 16 डिसेंबर 2015 रोजी मुंबईत पुशबॅकनंतर विमान पुढे सरकले आणि जवळच असलेला एक तंत्रज्ञ इंजिनात ओढला जाऊन दगावला. त्या अपघाताचे कारण पिन नव्हते. पण सुरू इंजिनाजवळ माणूस असताना विमान हलले तर काय होते, हे त्यातून कळावे. पिन हातात, हात वर, वैमानिकाची ओळख मिळाली, मगच सर्वांनी बाजूला व्हावे. हा क्रम घाईत मोडू नका.

येणाऱ्या विमानाचे थोडक्यात सांगतो. स्टँड आधीच मोकळा ठेवावा, इंजिने थांबून लाल बीकन (विमानाचा लुकलुकणारा दिवा) विझेपर्यंत जवळ जाऊ नये, मग चॉक (चाकांचे अडसर) आणि कोन लावावेत. एटीआरचे पंखे पूर्ण थांबलेले पाहावेत. टो-बारला काही लागले असेल किंवा टगच्या ब्रेकमध्ये खोट वाटली असेल, तर पुढच्या पाळीला तोंडी न सांगता लिहून द्यावे.