अल्पपरिचित कलावंताच्या पश्चात: स्मृती जपण्याचे काम कसे करावे

नामवंत कलावंत गेला की वृत्तपत्रांकडे त्याची माहिती आधीपासून तयार असते. ज्याचे नाव श्रेयनामावलीत शेवटी येत असे, किंवा मुळीच येत नसे, अशा साथीदाराची, नकलाकाराची किंवा बाहुलीकाराची नोंद मात्र एखादा शिष्य, सहकारी किंवा जुना प्रेक्षक मनावर घेईल तरच होते. हे काम पहिल्या काही आठवड्यांतच सुरू करावे, कारण त्या काळात लोक त्या व्यक्तीविषयी आपणहून बोलत असतात आणि घरातली आवराआवर अजून व्हायची असते. सांत्वनाला गेल्यावर कुटुंबीयांकडे काहीही मागू नये. वह्या, ध्वनिफिती, छायाचित्रे आणि प्रयोगांची पत्रके यांपैकी काही तूर्त टाकू नका, एवढीच विनंती करावी. बहुतेक संग्रह पाण्याने किंवा वाळवीने नव्हे, तर घर आवरताना नाहीसे होतात, असे माझे मत आहे.

नंतर तपशील पक्के करावेत. मूळ नाव, रंगमंचावरचे नाव आणि जुन्या पत्रकांत आढळणारी त्याची वेगवेगळी रूपे एकत्र लिहून ठेवावीत, अन्यथा पुढे शोध घेणाऱ्याला ती वेगवेगळी माणसे वाटतात. जन्मतारखेसाठी एकमेकांवर अवलंबून नसलेले किमान दोन आधार शोधावेत, कारण कलावंत कधीकधी स्वतःच वय कमी सांगतात. अमेरिकी लेखिका आणि लोकसाहित्याच्या अभ्यासक झोरा नील हर्स्टन यांचे 1960 मध्ये निधन झाले तेव्हा त्या जवळजवळ विस्मृतीत गेल्या होत्या आणि त्यांच्या थडग्यावर नावही नव्हते. 1973 मध्ये लेखिका अॅलिस वॉकर यांनी ती जागा शोधून तेथे शिळा बसवली. तिच्यावर जन्मवर्ष 1901 असे कोरले आहे. प्रत्यक्षात हर्स्टन यांचा जन्म 1891 चा होता आणि वय कमी सांगण्याची सवय त्यांचीच होती. इतक्या आस्थेने केलेल्या कामातही चूक दगडावर उतरली, हे ध्यानात ठेवून खात्री नसलेल्या तारखेपुढे ‘सुमारे’ लिहिण्यात कमीपणा मानू नये.

आठवणी गोळा करताना ‘माणूस म्हणून ते कसे होते?’ असे विचारल्यास ‘फार साधे होते’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी प्रयोगाच्या दिवशी ते किती वाजता येत, पिशवीत काय असे, वाद्य कोणी लावून देई, कोणत्या चुकीवर ते रागावत, असे प्रश्न विचारावेत. संभाषण परवानगीने ध्वनिमुद्रित करून सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख आरंभीच उच्चारावी. दोघांच्या आठवणी जुळत नसतील तर आपण निवाडा न करता दोन्ही नोंदवाव्यात.

मृत्युलेखाचा कस विशेषणांवर लागत नाही. ‘त्यांच्या निधनाने कलाक्षेत्राची अपरिमित हानी झाली आहे’ हे वाक्य कोणाच्याही नावाखाली खपते. ‘बाहुलीच्या मानेचा दोरा करंगळीने किंचित ढिला सोडून ती विचारात पडल्याचा भास ते निर्माण करीत, आणि तेवढ्यापुरते निवेदन थांबवत’ हे वाक्य एकाच माणसाचे असते. कामाची यादी वर्षांसह द्यावी. गुरू, सहकारी आणि शिष्य यांची नावेही द्यावीत. उपेक्षेविषयी लिहायचे असेल तर एखाद्या परिच्छेदात लिहावे. संपूर्ण लेख तक्रारीचा झाला की कला बाजूला राहते.

वस्तूंच्या बाबतीत घाई नसावी. छायाचित्रातील व्यक्तींची नावे डावीकडून उजवीकडे या क्रमाने, मऊ पेन्सिलीने, मागच्या कडेला हलक्या हाताने लिहावीत. शाईचा पेन वापरू नये. जुनी ध्वनिफीत ‘लागते का पाहू’ म्हणून वारंवार वाजवू नये, कारण एखादे वेळी पहिले वाजवणे हेच शेवटचे ठरते. ती जाणकाराकडून किमान 48 किलोहर्ट्झ, 24 बिट या दर्जाच्या वेव्ह (WAV) या ध्वनी-फाइलमध्ये उतरवून घ्यावी. चित्रफितीच्या डब्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर अॅसिटेटची फिल्म विघटित होऊ लागली आहे असे समजून ती इतर फितींपासून वेगळी ठेवावी. प्रत्येक फाइलच्या तीन प्रती असाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी असावी.

हे सारे लोकांसमोर आणण्यापूर्वी हक्कांचा विचार करावा. ध्वनिफीत आपल्याकडे असली म्हणून तिच्यावरील हक्क आपले होत नाहीत. साहित्यकृती आणि संगीतरचना यांच्यासाठी बर्न करार या कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराने निर्मात्याच्या मृत्यूनंतर किमान 50 वर्षांचे संरक्षण ठरवले आहे, भारतात ते 60 वर्षांचे आहे, आणि सादरकर्त्यांचे हक्क त्याहून वेगळे असतात. म्हणून वारसांची परवानगी लेखी घ्यावी. विकिपीडियावर लेख घालण्याची घाई अनेक जण करतात. तेथे स्वतंत्र, प्रकाशित आधार लागतात आणि ते नसल्यास लेख वगळला जातो. त्यामुळे आधी एखाद्या नियतकालिकात सविस्तर लेख छापून आणावा, त्याची प्रत ग्रंथालयाला द्यावी आणि मग विकिपीडियाकडे वळावे.

पहिल्या स्मृतिदिनी सभा घ्यायची झाल्यास भाषणे दोनच ठेवावीत. एका लांब टेबलावर ओळख न पटलेल्या चेहऱ्यांच्या छायाचित्रांच्या प्रती क्रमांक घालून मांडाव्यात, शेजारी कागद आणि पेन्सिली ठेवाव्यात, आणि जुन्या सहकाऱ्यांना खुर्च्या तिथेच द्याव्यात.