ठाण्यात चालण्याजोगा रस्ता मागताना : निधी कुठून आणि कसा मिळवावा

ठाण्यात पदपथाविषयीचा अर्ज बहुधा ‘फूटपाथ दुरुस्त करावा’ एवढ्या एका ओळीचा असतो, आणि त्याचे उत्तर म्हणून जुने पेव्हर ब्लॉक काढून नवे बसवले जातात. पदपथ होता तेवढाच अरुंद राहतो, मधला फीडर पिलर (वीजपुरवठ्याची लोखंडी पेटी) जागचा हलत नाही आणि आजीआजोबा रस्त्यावरूनच चालतात. म्हणून मागणी दुरुस्तीची न करता सलग आणि मोकळ्या रुंदीची करावी. अशा मागणीला पैसे मिळू शकतात, मात्र ती योग्य लेखाशीर्षाखाली (अंदाजपत्रकातील खर्चाच्या सदराखाली) आणि योग्य महिन्यात पोहोचली पाहिजे.

सुरुवातीला संपूर्ण शहर हाती घेऊ नये. ज्या मार्गाने माणसे रोज चालतात असा एकच मार्ग निवडावा, उदाहरणार्थ ठाणे स्थानकापासून गोखले रस्त्याने नौपाड्याकडे जाणारा किंवा तलावपाळीकडून जांभळी नाक्याच्या बाजारात शिरणारा. मोजपट्टी घेऊन तो चालावा आणि प्रत्येक अडथळ्यापाशी चालण्यास प्रत्यक्ष किती रुंदी उरते ते लिहावे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०३ या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे निवासी भागात चालण्याचा पट्टा किमान १.८ मीटर रुंद असावा, डोक्यावर २.२ मीटर मोकळी उंची असावी आणि कर्बची, म्हणजे पदपथाच्या कडेच्या दगडाची, उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. मोजमापांशेजारी हे आकडे मांडले की तक्रारीचे रूपांतर तांत्रिक टिपणात होते आणि कनिष्ठ अभियंत्याला ते नस्तीत लावता येते. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत पादचाऱ्यांची मोजणीही करावी, कारण वाहनांची मोजणी अधिकाऱ्यांकडे बहुधा असते, पायी चालणाऱ्यांची सहसा नसते.

त्यानंतर रस्ता कोणाच्या ताब्यात आहे याची लेखी खात्री करावी. नौपाड्यातील रस्त्यांसाठी महापालिकेची प्रभाग समिती आणि बांधकाम विभाग गाठावा लागतो, पण घोडबंदर मार्गावर महापालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग, एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आणि मेट्रोचे काम अशा अनेकांचे हात गुंतलेले असल्यामुळे चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज महिनोन्‌महिने एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो. माहिती अधिकाराखाली मालकी आणि देखभालीची जबाबदारी विचारल्यास ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

पैशाचा सर्वांत भरवशाचा स्रोत महापालिकेचे स्वतःचे अंदाजपत्रक हाच होय. ते वर्षाच्या सुरुवातीला मांडले जात असले तरी विभागांच्या मागण्या त्याआधीच गोळा होतात, त्यामुळे फेब्रुवारीत निवेदन घेऊन जाणे म्हणजे वरात गेल्यावर मांडव घालणे. दिवाळीच्या सुमारास मोजमापे, छायाचित्रे आणि ढोबळ खर्चासह प्रस्ताव प्रभाग कार्यालयात द्यावा. मार्च २०२२ पासूनच्या प्रशासकीय कारभारानंतर जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाल्याने नगरसेवकही आता उपलब्ध आहेत, तेव्हा त्याच प्रस्तावाची प्रत त्यांनाही द्यावी. खासदारांना वर्षाला ५ कोटी रुपयांचा स्थानिक विकास निधी असतो आणि आमदारांनाही स्वतंत्र निधी मिळतो, परंतु हे पैसे एखादा रॅम्प, चौकातील ओलांडणी अशा सुट्या कामांसाठीच मागावेत, कारण सलग मार्ग तुकड्यातुकड्याने केला की दोन तुकड्यांमधली पायरी कायमची राहते. मोठ्या कामासाठी जिल्हा नियोजन समिती आणि शहरांतील पायाभूत सोयींसाठीचे राज्याचे नगरोत्थान अभियान हे मार्ग आहेत, पण तेथे प्रस्ताव महापालिकेमार्फतच जावा लागतो.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीविषयी अनेकांना फार आशा असते. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार पात्र कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्च करायची असते, मात्र हा निधी कोणत्या कामांना देता येतो त्याची यादी असलेल्या अनुसूची ७ मध्ये पदपथाचा वेगळा उल्लेख नाही. माझ्या मते हा निधी सर्वेक्षण, आराखडा किंवा दिव्यांगांसाठीच्या सोयी यांकडे वळवावा, कारण बांधकाम त्यातून झाले तर पुढे देखभाल कोणी करायची हा वाद उरतोच.

सर्वांत स्वस्त पदपथ मात्र तो, जो दुसऱ्याच कामाच्या निविदेत बसतो. रस्त्याचे काँक्रिटीकरण, गटाराचे बांधकाम, जलवाहिनी, मेट्रो स्थानकाभोवतीची सुधारणा अशी कामे चालूच असतात, आणि त्यांच्या आराखड्यात पदपथ, पदपथाशी समतल चेंबरची झाकणे व रॅम्प आधीच दाखवले तर वेगळा निधी मागावा लागत नाही. निविदा निघाल्यानंतर बदल करणे फार कठीण जाते. त्यामुळे महापालिकेच्या निविदा सूचना नियमित वाचणारा एक जण गटात असणे हे मोर्चा काढण्यापेक्षा अधिक उपयोगाचे ठरते.

रस्त्याचीच रुंदी वाढवायची असेल तर प्रारूप विकास आराखड्यावर हरकत नोंदवावी लागते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मधील कलम २६ खाली तो प्रसिद्ध होतो आणि कलम २८ खाली नियोजन समितीपुढे सुनावणी होते. शंभर जणांनी सारख्याच मजकुरावर सह्या करण्यापेक्षा रस्त्याचे नाव आणि नकाशातील ठिकाण देऊन केलेल्या थोड्या हरकतींवर अधिक नेमका निर्णय मागता येतो.

प्रचाराच्या बाबतीत फेरीवाल्यांना पहिला शत्रू ठरवण्याचा मोह टाळावा. पथविक्रेता अधिनियम, २०१४ नुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेतेच असतात, म्हणून चालण्याचा पट्टा आणि विक्रीची जागा एकाच नकाशावर आखून त्यांच्यासह मागणी केलेली बरी. पदपथावर उभ्या केलेल्या दुचाकी, ज्यांविषयी आपण सारे सोयीस्कर मौन पाळतो, त्या नकाशात दाखवायला विसरू नये. गिऱ्हाईक तुटेल या दुकानदारांच्या भीतीला भाषणाने उत्तर मिळत नाही, त्यासाठी एका दिवसाचा प्रयोग करावा लागतो. पुण्यात ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद ठेवून पादचारी दिन साजरा होतो. ठाण्यात राम मारुती रस्त्यावर वाहतूक पोलिसांच्या परवानगीने असाच रविवार मागता येईल, आणि त्या दिवशीच्या विक्रीविषयी दुकानदारांनाच विचारून ते टिपण प्रस्तावाला जोडता येईल.

अर्जात सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ मधील आदेशाचा उल्लेख जरूर करावा, कारण अडथळामुक्त पदपथ वापरण्याचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद २१ चा भाग असल्याचे त्यात म्हटले आहे. काम पूर्ण झाल्यावर कंत्राटाची प्रत आणि दोष दायित्वाचा कालावधी माहिती अधिकारातून मिळवून ठेवावा. त्या मुदतीत खचलेले ब्लॉक कंत्राटदाराने स्वखर्चाने बसवायचे असतात. मधल्या काळात केबलसाठी खोदाई झाली असेल, तर तिची तारीख आणि छायाचित्र त्याच दिवशी प्रभाग कार्यालयाला कळवावे, अन्यथा दोष कोणाचा हे पुढे ठरवता येत नाही.