फुलाचा फोटो काढताना शेजारी नाणं ठेवा

दागिन्यांचं डिझाइन करत असाल, तर प्रवासात फुला-बियांचे फोटो काढताना शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा. त्याचा व्यास 27 मिमी असतो, म्हणजे घरी आल्यावर मूळ आकार अचूक मोजता येतो. आणि फूल मागून, देठाकडूनही जरूर पाहा. कडी कुठे लावायची, डाख (धातूचे भाग जोडणारा सांधा) कुठे द्यायचा, हे तिथंच कळतं.

बकुळीचंच बघा. झाडाखाली पडलेल्या फुलाला मधोमध आयतं भोक असतं, दोऱ्यात सहज ओवलं जातं. हाताने एक वळेसर, म्हणजे ओवलेल्या फुलांचा सर, करून पाहा, सोन्याचा बकुळीहार डोळ्यांसमोर उभा राहील. बोरमाळ, चाफेकळी, जोंधळी मणी ही नावंच सांगतात की आपल्या सोनारांनी शेत आणि अंगण किती बारकाईने पाहिलं होतं. ती नजर मला सोन्याहून मोलाची वाटते.

कासच्या पठारावर मात्र फूल तोडायचं नाही. वाटेवरच बसून चित्र काढायचं.

मग घरी आल्यावर जाड कागदावर फुलाच्याच मापाचा नमुना कापून कानाशी धरा, आरशात पाहा. 10 मिमीचं फूल कुडीला शोभतं, 30 मिमीचं लोंबतं हवं. पत्रा कापायचा तो यानंतरच.