गाडीचं काम रस्ता बघून काढा

बाइकच्या मॅन्युअलमधलं, किती किलोमीटरला कुठलं काम काढायचं याचं कोष्टक अख्ख्या देशासाठी छापलेलं असतं. आपल्या एकट्या सांगली जिल्ह्यातच दोन तऱ्हा आहेत. शिराळ्याकडं पावसाळाभर चाकाला चिखल, तर जत-आटपाडीला गेलं की नाकातोंडात फुफाटा. माझी द्राक्षाच्या औषधांची फिरती असते, आज तासगाव, उद्या कवठेमहांकाळ, आणि गाडी शंभर सीसीची स्प्लेंडर. माझं मत विचाराल तर कोष्टकातला आकडा ही शेवटची मुदत समजायची आणि काम रस्ता बघून त्याच्या आधीच काढायचं. त्यासाठी दर वेळी फिटरच्या दारात बसणं परवडत नाही. निम्मी कामं घरीच होतात.

सामान फार लागत नाही. पान्यांचा एक सेट, प्लग पाना, पक्कड, नरसाळं, जुनं घमेलं आणि चिंध्या. पाने मात्र चांगले घ्या. स्वस्तातला पाना सैल बसतो, नट गोल होतो आणि मग पाच मिनिटांचं काम वेल्डरपर्यंत जातं.

शिकायला सुरुवात चेनपासून करा. गाडी बंद, डबल स्टँडवर, न्यूट्रलमध्ये. चेन कव्हरच्या खालच्या बाजूला रबरी बूच असतं, ते काढून बोटानं चेन वरखाली हलवा. शंभर सीसीच्या गाड्यांना साधारण २० ते ३० मिलिमीटर ढील चालते. नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलमधून घ्या. एकाच जागी बघून थांबू नका. चाक थोडं थोडं फिरवत चार-पाच ठिकाणी बघा आणि जिथं चेन सगळ्यात ताठ लागते तिथलं माप धरा. एका जागी ताठ, दुसरीकडं लोंबती असं फार असेल तर चेन-स्प्रॉकेट संपलंय, आवळून उपयोग नाही.

आवळायची असेल तर एक्सलचा नट सैल करा. त्याच्याबरोबर चेनच्या बाजूचा स्लीव्ह नटही सैल करावा लागतो. नवखा माणूस तो विसरतो आणि चाक का सरकेना म्हणून ताकद लावत बसतो. मग दोन्हीकडचे चेन ताणायचे अ‍ॅडजस्टर अर्धा-अर्धा आटा सारखे फिरवा. स्विंग आर्मवरच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवरच्या, खुणा दोन्ही बाजूंना जुळल्या पाहिजेत, नाहीतर चाक तिरकं बसतं. माझा भाचा शिकत होता तेव्हा त्याचा हात थांबेना.

“मामा, अजून थोडी आवळू?”

“राहू दे रे. डबल सीट खड्ड्यात गेल्यावर चेन ताणती, तिला जागा नको व्हय?”

जास्त आवळलेली चेन आवाज करत नाही, पण बेअरिंग खाते. नट पुन्हा घट्ट केल्यावर मागचा ब्रेक तपासा. चाक मागं सरकलं की ड्रमचा ब्रेक आपोआप आवळला जातो, त्याचा नट थोडा सोडावा लागतो. शेवटी चेनच्या आतल्या बाजूनं ९० नंबरचं गिअर ऑइल, चाक हातानं फिरवत. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चेनवर ऑइल सोडणारे बहाद्दर मी बघतो. बोटं जातात, दुसरं काही होत नाही.

इंजिन ऑइल बदलण्याआधी गाडी दोन-चार मिनिटं चालवून आणा, गरम ऑइल सगळं उतरतं. खालचा बोल्ट १७ नंबरचा. तो काढताना वॉशर घमेल्यात जातो, शोधून ठेवा. खालचे आटे अ‍ॅल्युमिनियमचे असतात, म्हणून बोल्ट आधी बोटानंच बसवा, पाना शेवटी, आणि पान्याला नळी जोडून जोर तर अजिबात नको. कारचं ऑइल घालू नका. आपल्या गाडीचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, तो घसरायला लागतो. डब्यावर जासो एमए (JASO MA, म्हणजे ऑइलात बुडालेल्या क्लचला चालणारं) लिहिलेलं बघा. पातळी बघताना गाडी डबल स्टँडवर सरळ हवी आणि स्प्लेंडरची काडी पुसून नुसती टेकवायची, आटे फिरवायचे नाहीत. जळकं ऑइल गटारात सोडू नका, ते शेवटी कृष्णेतच जातं. डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या.

एअर फिल्टरच्या बाबतीत जतकरांनी जागं राहावं. स्पंजचा असेल तर रॉकेलमध्ये धुऊन, वाळवून, ऑइल लावून बसवा. तेलकट कागदाचा असेल तर हवा मारून साफ करायच्या भानगडीत पडू नका, नवीनच टाका. प्लग इंजिन थंड असतानाच खोला.

महापुराचं वेगळं. २०१९ ला पाणी उतरल्यावर लोकांनी पहिलं काय केलं तर किक मारली. बुडालेल्या गाडीला किक नाही, स्टार्टर नाही. आधी प्लग काढा, ऑइल काढून बघा. दुधाच्या चहासारखं निघालं तर आत पाणी आहे, गाडी ढकलतच फिटरकडं न्या.

व्हॉल्व्ह सेटिंग, क्लच प्लेट आणि २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांचं फ्युएल इंजेक्शनचं कामही फिटरकडंच द्या.