गोठ्यातली सीडी हंड्रेड घरीच चालू करायची तर आधी टाकी, रंग शेवटी

आप्पांची हिरो होंडा सीडी हंड्रेड मोटरसायकल नऊ वर्षं गोठ्यात उभी होती, वर कडब्याच्या पेंढ्या अन खाली कोंबड्या. मागच्या दिवाळीला बाहेर ओढली तर गल्लीतले चार जण जमले अन चौघांनी सल्ले दिले. तिघांचं एकच, आधी झकास कलर मार. चौथा म्हणला इंजिन खोल, बोर पिस्टन कर (सिलिंडर घासून नवा पिस्टन टाक), नायतर काही खरं नाही. मी आधी मामाची राजदूत अन स्वतःची बॉक्सर अशा दोन गाड्यांवर हेच दोन्ही उद्योग करून पैसे घालवलेत, म्हणून सांगतो, उभी राहून बंद पडलेली गाडी बहुतेक वेळा इंजिनामुळं बंद नसते. ती टाकीतला गंज, कार्ब्युरेटरमधला (हवा अन पेट्रोल मिसळतो तो भाग) चिकट थर अन वायरी कुरतडणारे उंदीर यांच्यामुळं बंद असते. इंजिन सगळ्यात कमी दोषी असतं अन सगळ्यात आधी तेच खोललं जातं.

पहिल्यांदाच हात घालणार असाल तर सीडी हंड्रेडसारखी गाडी घ्या. 1985 पासून रस्त्यावर आलेली गाडी, 97.2 सीसी, चार गिअर, सगळे खाली दाबूनच पडतात. नंतरची स्प्लेंडर त्याच घराण्यातली, त्यामुळं अजून तालुक्याच्या दुकानात सामान मिळतं. राजदूतचा एखादा पार्ट शोधायला मी बीड, लातूर, संभाजीनगर असं फिरलोय, ते पहिल्या गाडीला नको. पण स्प्लेंडरचं सगळंच सीडीला बसतं असं नाही, जुना पार्ट पिशवीत घालूनच दुकानात जायचं.

हत्यारं लई लागत नाहीत. 8, 10, 12, 14 चे टी पाने, 17 अन 19 चा रिंग पाना, प्लग पाना, पकड, फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्या) अन एक इम्पॅक्ट ड्रायव्हर, तो हातोडीनं ठोकायचा असतो तो. हा शेवटचा घ्याच. या जपानी पद्धतीच्या इंजिनावरचे स्टार स्क्रू दिसायला साध्या स्टार स्क्रूसारखेच असतात पण खाच वेगळी असते, साधा ड्रायव्हर जोरात फिरवला की तो वर उचलतो अन स्क्रूचं डोकं गोल होऊन बसतं, मग छिन्नी लावत बसा. काहीही खोलायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा, अन स्क्रू ज्या कव्हरचे त्याच डब्यात ठेवा कारण त्यांची लांबी कमीजास्त असते.

आता पहिलं काम, इंजिन जाम आहे का बघणं. किकवर उडी मारायची नाही! प्लग काढा, त्या भोकातून चार पाच चमचे इंजिन ऑइल अन थोडं डिझेल ओता अन दोन दिवस गाडीकडं बघूच नका. मग गाडी मेन स्टँडवर लावून मागचं चाक हलवत हलवत चौथा गिअर पाडा अन चाक हातानं पुढं मागं हळूच डोलवा. चौथ्या गिअरला चाकाच्या मानानं इंजिन कमी फिरतं, म्हणून ते हातानं हळूच हलवता येतं, किकसारखा दणका बसत नाही. आमची तिसऱ्या दिवशी सुटली, अगदी गुपचूप, आवाज पण नाही. सुटली की प्लग न लावता भोकावर फडकं धरून दहा बारा किका मारा म्हणजे आतलं तेल बाहेर येतं. तोंड लांब ठेवा, माझा शर्ट अजून तसाच आहे.

आता टाकी, इथं वेळ घालवा. झाकण उघडून वास घ्या, जुन्या पेट्रोलचा वास वार्निशसारखा येतो. टॉर्च मारून बघा, आत तांबूस खपल्या दिसल्या तर नुसतं पेट्रोलनं खळखळून काही होत नाही, आज साफ दिसते अन आठ दिवसांनी कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल जायचं बारीक भोक) कचरा. टाकी उतरवा, पेट्रोलचा कॉक काढा, कॉकच्या भोकाला रबराचं बूच मारा. मूठभर नट बोल्ट आत टाकून पाणी घालून टाकी चांगली हलवा, पोरं असतील तर त्यांना द्या, त्यांना आवडतं. ते ओतून दिलं की मग लिंबूसत (सायट्रिक ॲसिड). किराणा दुकानात किलोवर मिळतं, गरम पाण्यात लिटरला साधारण 100 ग्रॅम धरून टाकी गळ्यापर्यंत भरायची अन रात्रभर, गंज जास्त असेल तर पूर्ण दिवस ठेवायची. वर रंगावर सांडलं तर लगेच धुवा. दुसऱ्या दिवशी पाणी हिरवट काळं झालेलं असतं. ते ओता, खायचा सोडा घातलेल्या पाण्यानं खळखळा म्हणजे आंबटपणा मरतो, मग साधं पाणी.

आणि इथंच लोक चुकतात. धुतलेलं कोरं लोखंड ओलं राहिलं की थोड्याच वेळात पुन्हा तांबूस पडायला लागतं, म्हणून चहा प्यायला जायचं नाही. उन्हात टाकी उलटी धरा, आपल्याकडच्या एप्रिल मेच्या उन्हात अर्ध्या तासात कोरडी ठणठणीत, अन वाळल्या वाळल्या कपभर पेट्रोलमध्ये थोडं ऑइल मिसळून सगळीकडं फिरवा. संडास साफ करायचं ॲसिड वापरू नका, गंजासोबत पत्रा पण खातं. अन टाकीला भोक असेल तर घरी वेल्डिंग अजिबात नाही. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते कारण आत नुसती वाफ असते. ते काम रोज टाक्याच जोडणाऱ्या माणसाकडंच द्या.

कार्ब्युरेटर खोलताना खाली ताट ठेवा. स्प्रिंग उडाली की कोंबडीच्या पोटात, खोटं वाटेल पण माझ्याकडं साक्षीदार आहेत. आइडलचा स्क्रू अन मिक्श्चरचा स्क्रू काढायच्या आधी हलक्या हातानं पूर्ण आत फिरवा, किती फेरे बसले ते मोजून भिंतीवर लिहून ठेवा, मग काढा, बसवताना तेवढेच फेरे. जेटच्या भोकात स्टीलची तार किंवा सुई घालू नका, पितळ मऊ असतं, भोक कणभर जरी मोठं झालं तरी गाडी पेट्रोल प्यायला लागते अन तुम्ही आयुष्यभर ट्यूनिंग करत बसता. वायरीतला एक बारीक तांब्याचा धागा अन क्लीनरचा फवारा बास. पायलट जेट, म्हणजे कमी रेसला पेट्रोल देणारं, सगळ्यात बारीक, तेच सगळ्यात आधी बुजतं, अन गाडी फक्त चोक ओढल्यावरच चालते अशी तक्रार असली की बहुतेक तेच असतं. गॅस्केट, ओ रिंग अन पेट्रोलची नळी नवीनच टाका. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, अन तीस वर्षांपूर्वीचं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं, ते फुगतं नायतर तडकतं. इथेनॉल पाणी पण ओढून घेतं, म्हणजे गाडी दोन महिने उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवा. आपल्याच कारखान्याच्या उसाचं इथेनॉल अन आपल्याच कार्ब्युरेटरला खातंय, काय करता!

करंट बघायला प्लग टोपीत घालून त्याचा धातू इंजिनाला टेकवा, प्लगच्या भोकापासून लांब, अन किक मारा. निळी ठिणगी पडली तर बरं. या गाडीचा करंट इंजिनासोबत फिरणाऱ्या मॅग्नेटवरून येतो त्यामुळं बॅटरी मेलेली असली तरी किकवर चालू होते, बॅटरी आधी विकत आणायची घाई नको. प्लगचा गॅप 0.6 ते 0.7 मिमी. ठिणगी नसेल तर सीडीआय (ठिणगी पाडणारी इलेक्ट्रॉनिक डबी) बदलायच्या आधी किल्लीच्या स्विचकडं जाणारी वायर सोडून बघा, अन फ्रेमला अर्थिंगचा जो नट असतो तो काढून खाली पॉलिश पेपर मारा. आमच्याकडं हेडलाइटच्या डब्यात उंदराचं अख्खं घरटं निघालं, आत आप्पांच्या 2009 च्या पगारपत्रकाचे तुकडे. तीन वायरी कुरतडलेल्या होत्या. सोल्डर करून वर श्रिंक ट्यूब घाला, नुसती पिळून टेप मारली की पहिल्या पावसात सुटते.

ऑइल बदलल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही. खालचा 17 चा बोल्ट काढून रात्रभर गळू द्या. साधारण 900 मिली लागतं, मोटरसायकलचं 4टी (फोर स्ट्रोक) ऑइलच घ्या, कारचं नको, क्लच ऑइलातच बुडालेला असतो अन कारच्या ऑइलानं तो घसरतो. लेव्हल बघताना ऑइलची काडी पुसून नुसती टेकवायची, आटे आवळायचे नाहीत. ह्या इंजिनाला कागदी फिल्टर नसतो. क्लचच्या बाजूच्या कव्हरमागं एक फिरती वाटी असते, तिच्यात सगळा गाळ फेकला जाऊन काळ्या लोण्यासारखा चिकटतो, अन खाली एक जाळी असते. वर्षानुवर्षं कुणी ती उघडत नाही. उघडा.

अन तो 17 चा बोल्ट बसवताना माझ्यासारखं करू नका. बॉक्सरला ठिबकायला नको म्हणून पान्यावर पाइप घालून आवळला, ॲल्युमिनियमचे आटे बोल्टाभोवती गुंडाळून बाहेर आले. पन्नास रुपयांच्या ऑइल चेंजसाठी लेथवाल्याकडं जाऊन नवे आटे पाडून घ्यावे लागले. वॉशर नवीन टाका अन मनगटाच्या जोरानं आवळा, खांद्याच्या नाही.

व्हॉल्व्हचा आवाज टिकटिक येत असेल तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट, सेट करा, इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे सकाळी. मॅग्नेटच्या कव्हरवरच्या टोप्या काढून टी ची खूण जुळवा, मग व्हॉल्व्ह दाबणारे दोन्ही रॉकर हातानं हलवून बघा. दोन्ही किंचित हलले तर बरोबर जागा, एखादा दाबलेला वाटला तर आणखी एक पूर्ण फेरा द्या. गॅप किती ते तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलातून घ्या, ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतं, अंदाजाचं काम नाही. टिकटिक बिलकुल बंद करायच्या नादात गॅप आवळला तर व्हॉल्व्ह जळतो. थोडा आवाज चांगला.

चेन, आपल्या काळ्या मातीत चेन म्हणजे खरबरीत दोरखंड होते, रॉकेल आता मिळत नाही म्हणून डिझेलनं ब्रश मारून धुवा, वाळवा, 90 नंबरचं गिअर ऑइल लावा. ढील 20 ते 30 मिमी. चेनच्या लॉकचं बंद तोंड चेन जिकडं पळते तिकडं असलं पायजे, उलटं बसवलं की निसटतं, अन ते नेमकं मांजरसुंब्याच्या घाटात निसटतं. ब्रेकच्या ड्रममधली धूळ तोंडानं फुंकू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्यानं पुसा. टायर दिसायला नवे असले तरी बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा, 1914 म्हणजे 2014 चा एकोणिसावा आठवडा, असले टायर झाडाला झोका बांधायला ठेवा.

पहिली स्टार्ट झाली की धूर येईल, आत ओतलेलं तेल जळतं ते, घाबरून लगेच बोर पिस्टनवाल्याकडं पळू नका. आमची सहाव्या किकला झाली, पाऊण तास धूर, आजी म्हणली कामून एवढा धुपारा करायलाय. शंभर दोनशे किलोमीटर होईपर्यंत शेतापर्यंतच ये-जा करत हळू चालवा, ऑइल पुन्हा बदला. तरी निळा धूर थांबला नाही अन ऑइल कमी होत राहिलं, तर मग इंजिन खोला, आता खोलायला कारण आहे.

कागदं मधल्या काळात बघा. 15 वर्षांनंतर आरसी दर 5 वर्षांनी नूतनीकरण करावी लागते, वर पर्यावरण कर असतो, नवीन हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागते. कागदं सुटत नसतील तर रंगावर एक रुपया घालू नका.

रंग द्यायचाच झाला तर आरसीवर आहे तोच, बदलला तर आरटीओत नोंद करावी लागते. पावसाळ्यात देऊ नका, दमट हवेत वरचा थर पांढुरका पडतो. अन पेंटरला गाडी द्यायच्या आधी हँडलखालच्या फ्रेमवरचा चेसिस नंबर शोधा, त्यावर टेप चिकटवा अन त्याला बोट लावून दाखवा. मामाच्या राजदूतवर पेंटरनं एवढी सुंदर पुटी भरली की नंबरच गायब, पासिंगच्या दिवशी मी नवा रंग ब्लेडनं खरवडत बसलो होतो. आप्पांची गाडी अजून जुन्याच काळ्या रंगात आहे, टाकीवर कडब्याचे ओरखडे तसेच, रोज दूध घालायला डेअरीवर जाते.