जुन्या सीपीयूवर विंडोज ११: आधी झाकण उघडा, मग पेन ड्राइव्ह लावा

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सावद्याच्या केळी व्यापाऱ्याचा हिशोब आणि शहाद्याच्या दुकानातलं डीटीपी मात्र अजून त्याच जुन्या डेस्कटॉपवर चालतं. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलचे मुख्यतः आठव्या जनरेशनपासून पुढचे प्रोसेसर आहेत, शिवाय टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) आणि सिक्युअर बूटची (मशीन सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) अट. यातल्या बऱ्याच अटी इन्स्टॉल करताना वगळता येतात. एक मात्र वगळता येत नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करा.

विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून प्रोसेसरला एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट या सूचना कळाव्याच लागतात. कोअर आय मालिकेच्या आधीच्या कोअर टू ड्युओला त्या कळत नाहीत. तिथे कोणतीही युक्ती चालत नाही, हे विंडोज सुरूच होत नाही. कोअर आय मालिकेत पहिल्या जनरेशनपासून त्या आहेत. जनरेशन नावातच असते: आय५-४५७० म्हणजे चौथी, आय३-१०१०० म्हणजे दहावी, आणि आय५-६५० सारखा तीनच आकडी नंबर म्हणजे पहिली. आमच्या मते दुसऱ्या जनरेशनच्या खाली विंडोज ११ चा नाद करू नये. चालेल, पण रोज कामाला बसणारा माणूस वैतागेल.

बायोसचा (मशीन सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) मोडही आत्ताच बघून घ्या. रनमध्ये एमएसइन्फो३२ टाइप करा (इंग्रजी छोटी अक्षरं, मध्ये जागा नको) आणि बायोस मोडसमोर लेगसी (जुनी पद्धत) आहे की यूईएफआय (नवी), ते लिहून ठेवा. पुढे लागेल.

आता झाकण काढा. कपाशीच्या पट्ट्यात, त्यातून जिनिंगच्या आसपास, हीटसिंकच्या पात्यांमध्ये रुईचा अक्षरशः नमदा बसलेला असतो. पंखा फिरताना दिसतो, हवा मात्र पलीकडे जात नाही. भुसावळचा पारा ४५ वर गेला की असा प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, नाहीतर इन्स्टॉल अर्ध्यावर असतानाच मशीन बंद पडतं. पंखा बोटाने धरून ब्लोअर मारा. हीटसिंक काढून जुनी वाळलेली पेस्ट पुसा आणि वाटाण्याएवढी नवी थर्मल पेस्ट लावा. जास्त लावली म्हणून जास्त थंड होत नाही.

मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल मल्टिमीटरने तपासा. नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो. २.८ च्या खाली असेल तर बदला. लाइट गेली की बायोसची सेटिंग याच सेलवर टिकते. तो मेला की तारीख मागे जाते आणि मग अपडेट अडतं, बँकेची साइट सर्टिफिकेटची तक्रार करते. बायोसमधला डिस्कचा मोडही मूळपदावर येतो आणि विंडोज निळ्या पडद्यावर थांबतं. लोक दोष विंडोजला देतात.

खर्च करायचाच तर २४० किंवा २५६ जीबीचा साटा एसएसडी आणि एकूण ८ जीबी रॅम. जुन्या हार्ड डिस्कवर विंडोज ११ टाकू नका. चौथ्या जनरेशनच्या लॅपटॉपला १.३५ व्होल्टची डीडीआर३एल रॅम लागते. साधी डीडीआर३ घातली तर बहुतेक वेळा काळा पडदाच दिसतो. जुन्या रॅमचे सोनेरी दात खोडरबरने घासून बसवा.

डेटा वेगळ्या डिस्कवर काढा. टॅली असेल तर फॉरमॅटच्या आधी टॅलीतूनच लायसन्स सरेंडर करा, नाहीतर नव्या विंडोजवर ते सुरू करताना अडचण येते. डीटीपीवाल्यांनी जुने फॉन्ट कॉपी करून ठेवावेत.

पेन ड्राइव्ह किमान ८ जीबीचा घ्या. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज ११ ची आयएसओ (इन्स्टॉलची एकत्र फाइल) उतरवा आणि ती पेन ड्राइव्हवर चढवायला रूफस हा प्रोग्राम, ४.६ किंवा त्याहून नवा, वापरा. आयएसओतल्या फाइल नुसत्या कॉपी करून भागत नाही: फॅट३२ ला ४ जीबीची मर्यादा आहे आणि आतली एक फाइल त्याहून मोठी असते. मघाशी लिहून ठेवलेला मोड लेगसी असेल तर पार्टिशन स्कीम एमबीआर, यूईएफआय असेल तर जीपीटी निवडा. स्टार्ट दाबल्यावर एक चौकट उघडते. तिच्यात ४ जीबी रॅम, सिक्युअर बूट आणि टीपीएमची अट काढण्याच्या पर्यायावर खूण करा, आणि मायक्रोसॉफ्ट खात्याची सक्ती काढण्याच्याही. खात्याची सक्ती खरोखर टळायला इन्स्टॉल करताना नेटची वायर काढलेली हवी.

जुनी हार्ड डिस्क इन्स्टॉलच्या वेळी सोडवून ठेवा. ती जोडलेली राहिली तर विंडोज बूटच्या फाइल तिच्यावर टाकू शकतं, आणि पुढे ती काढली की एसएसडीवरचं विंडोज उठत नाही. चुकून डेटाच पुसला जाण्याचाही धोका टळतो. बायोसमध्ये डिस्कचा मोड एएचसीआय (साटा डिस्क चालवण्याची नवी पद्धत) करायचा असेल तर तो आत्ताच बदला, नंतर नाही. पेन ड्राइव्ह मागच्या पोर्टला लावा, पुढचे सैल झालेले असतात. डेल आणि लेनोव्होला एफ१२, एचपीला एफ९ दाबून बूट मेनू येतो. हे सगळं यूपीएस किंवा इन्व्हर्टरवरच करा.

फाइल करप्ट असल्याचा संदेश आला तर आधी पेन ड्राइव्ह बदला, मग रॅमची एक-एक पट्टी काढून बघा. आधीचं विंडोज १० ॲक्टिव्हेट असेल आणि तुम्ही तीच एडिशन टाकली (होमवर होम, प्रोवर प्रो), तर नेट जोडल्यावर ते सहसा आपोआप ॲक्टिव्हेट होतं.

एक गोष्ट गिऱ्हाइकाला आधीच सांगा. अशा मशीनला दरमहाचे सुरक्षा अपडेट सहसा येतात, पण मायक्रोसॉफ्ट त्याची हमी देत नाही. वर्षाची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही. होम आणि प्रोच्या प्रत्येक आवृत्तीला २४ महिने सपोर्ट असतो, तेवढ्यात नव्या आयएसओचा पेन ड्राइव्ह करून चालू विंडोजमधूनच त्यातलं सेटअप चालवायचं. डेटा जागेवर राहतो, तरी बॅकअप घ्याच.

कोअर टू ड्युओ असेल आणि काम फक्त ब्राउझर, पत्रं, पीडीएफ एवढंच असेल तर लिनक्स मिंट २२ ची एक्सएफसीई आवृत्ती टाका. तिला एप्रिल २०२९ पर्यंत सपोर्ट आहे आणि ४ जीबी रॅममध्ये ती नीट चालते. पेन ड्राइव्हवरूनच चालवून वाय-फाय आणि प्रिंटर आधी तपासा. कॅननचा एलबीपी२९०० लिनक्सवर फार छळतो. टॅली, ई-टेंडरची डिजिटल सही किंवा आधारचं बोटाचं यंत्र लागत असेल तर मिंटच्या वाटेला जाऊ नका.