बोंडअळीचा हिवाळी मुक्काम शेतातून उठवायचा तर

एरवी पोसलेली गुलाबी बोंडअळी कपाशीच्या बोंडाला भोक पाडून बाहेर पडते आणि कोषात जाते. दिवस लहान झाले, रात्री गारठू लागल्या की तिचा बेत बदलतो. कोष न करता ती सरकीचे दोन दाणे धाग्याने जुळवते आणि आत गोल होऊन पडून राहते. खाणं बंद, अंगातल्या चरबीवर उन्हाळाही निघतो. पावसाची ओल मिळाली की कोष आणि मग पतंग. दाण्यात दडलेल्या अळीवर फवारणी म्हणजे पैसा पाण्यात.

आधी खात्री करा. अर्धवट उमललेली, एखादा कप्पा घट्ट राहिलेली कवडी बोंडं फोडा. सरकीचे दोन दाणे चिकटलेले दिसले तर नखाने अलग करा. आत जेमतेम सेंटिमीटरभर गुलाबी अळी सापडेल.

डिसेंबरअखेर पीक संपवा. फरदडीला (वेचणीनंतर लांबवलेल्या कपाशीला) पाणी दिलं की उशिराची हिरवी बोंडं धरतात, आणि मुक्कामी अळ्या बहुतेक त्यांतच पोसतात. फरदडीचे चार पैसे पुढच्या हंगामात दामदुपटीने जातात. शेवटच्या वेचणीनंतर शेळ्या-मेंढ्या सोडा, उरलीसुरली बोंडं त्या फस्त करतात. मग पऱ्हाटीवर, म्हणजे उभ्या कपाशीच्या काड्यांवर, श्रेडर (कुट्टी करणारं यंत्र) फिरवा. पण नुसत्या कुट्टीवर थांबू नका: अख्खी सरकी तुकड्यांत तशीच सुटते. कुट्टी गाडा आणि उन्हाळ्यात खोल नांगरट करा, म्हणजे वर आलेल्या अळ्या ऊन आणि पाखरं संपवतील.

सगळं फसतं ते बांधावर. उपटलेल्या पऱ्हाटीची गंजी सरपणासाठी पावसाळ्यापर्यंत राहते आणि पतंग तिथूनच शेतात उतरतात. सरपण हवंच असेल तर पऱ्हाटी झोडून बोंडं आणि नख्या (बोंडांची वाळकी टरफलं) पाडा, तेवढ्या गोळा करून जाळा, आणि पावसाआधी गंजी संपवा. कवडी कापूसही घरात साठवू नका. गावाजवळ जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करणारा कारखाना) असेल तर तिथल्या सरकीतूनही पतंग निघतात, म्हणून आवारात कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढून पकडणारे) लागलेत का ते पाहा.

मे महिन्यात धूळपेरणी (पावसाआधी कोरड्या मातीत पेरणी) किंवा पाण्यावरची लागवड टाळा. जूनमध्ये निघालेल्या पतंगांना पाते (कळ्या) आणि फुलं मिळाली नाहीत तर त्यांची पुढची पिढी उभी राहत नाही. गावातल्या एकाने जरी मेमध्ये लावली, तरी पतंगांची सोय झालीच.

लागवडीनंतर 45 दिवसांनी एकरी 2 कामगंध सापळे पिकापेक्षा फूटभर उंच लावा. तंबाखू मळलेल्या हाताने ल्युरला (सापळ्यातल्या गंधाच्या गोळीला) शिवू नका. सलग 3 रात्री सापळ्यामागे 8 पतंग आले तर फवारणीची वेळ झाली असं समजा. शिवाय शेतातून फिरून 20 हिरवी बोंडं तोडून चिरा. 2 किडलेली निघाली तरी तोच इशारा. बाहेरून बघून उपयोग नाही, कारण अळी शिरल्यावर भोक बुजतं. डोमकळ्या (अळी शिरून न उमललेली, गुलाबासारखी मिटलेली फुलं) दिसतील तशा तोडा, पण धुऱ्यावर फेकू नका. जाळा किंवा खोल पुरा.